विद्यापीठाच्या बागेतला उन्हाळा

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या वेळी वाचून दाखविलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. उभे राहून बोलण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. आंब्याची डाळ आणि पन्हे हातात आहे तोपर्यंत तरी आपण ऐकून घ्याल अशी आशा करते.

गेल्या वैशाखात आपल्यापैकी नऊ जणी छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. आपल्या तोंडी अजून औरंगाबादच बसले आहे, तेव्हा बोलताना तेही नाव आले तर राग मानू नये. आमच्या घरी बांधावर लावण्यासाठी केसर आंब्याची कलमे हवी होती आणि दोघीतिघींना कागदी लिंबाची. कलमे लावायची ती पावसाच्या तोंडी, पण कोणती मिळतात, भाव काय, नाव आधी नोंदवावे लागते काय, हे विचारून यायचे होते. पुरुष मंडळी लग्नसराईत गुंतलेली. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “मग आपणच जाऊ की!” झाले. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदे आणि दोन कॅन पाणी घेऊन सकाळच्या एस. टी.ने आम्ही निघालो.

ज्या बागेत गेलो तिचे नाव हिमायतबाग. दिल्ली दरवाज्याजवळ ती आहे, आणि पलीकडे सलीम अली सरोवर. तीनशे एकरांच्या आसपास जागा आहे म्हणतात. मोगलांच्या वेळची, सतराव्या शतकातली ही बाग. त्याच्याही आधी, १६१० साली, मलिक अंबराने खडकी या नावाने ते शहर वसविले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले. पाण्याची सोय आधी आणि बागबगीचा मागून, असे त्या शहराचे झाले. पुढे निजामाचे राज्य आले, तेही गेले. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. आज हिमायतबाग त्या विद्यापीठाकडे आहे. तेथे त्यांचे फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. चिंचेची ‘प्रतिष्ठान’ नावाची जात याच केंद्राने दिली. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. गावाचे नाव चिंचेला मिळाले, हे मला फार आवडले. चिंचा फोडून फोडून बोटे काळी करणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघर आहेत, त्यांना हे कोणी सांगत नाही.

तर बादशाही काळातली बाग आता विद्यापीठाची झाली आहे. विद्यापीठ चालते सरकारच्या पैशावर आणि सरकारचा पैसा म्हणजे आपलाच. त्यामुळे फाटकातून आत जाताना मला तरी संकोच वाटला नाही. सकाळी तर शहरातली पुष्कळ मंडळी तेथे फिरायला येतात.

आम्ही मात्र पोचलो भर दुपारी. रिक्षातून उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस-बेचाळीसवर जातो, तसाच तेथेही होता. डोक्यावरचा पदर ओढून घेत आत शिरलो आणि थोडे चालून गेल्यावर अंगावरची झळ कमी झाली. सावली तर होतीच, पण नुसती तेवढीच नव्हती, हवाच वेगळी लागत होती. बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कारंजी, गुलाबाचे ताटवे आणि झोके येतात. आम्ही गेलो त्या भागात असे काही नव्हते. आंब्याची जुनी मोठी झाडे होती, कैऱ्यांनी लगडलेली. खाली पालापाचोळा पडलेला. वर कोकिळा आणि बुलबुल. लहान कलमांच्या ओळी गवताच्या मांडवाखाली. शोभेची म्हणावी अशी बाग ती नव्हेच, कामाची बाग होती. त्यामुळे उन्हाळ्यात ती ओस पडलेली नव्हती, उलट सगळे काम तेव्हाच चाललेले होते.

कलमांची चौकशी अर्ध्या तासात आटोपली. परतीची गाडी उशिरा होती. एका थोर आंब्याखाली आम्ही बसलो. थोड्या वेळाने तेथे काम करणाऱ्या चार मजूर बाया जेवायला आल्या, त्यांनीही तेथेच गठुडी सोडली. एक मुसलमान बाई लहान मुलाला घेऊन बसली होती, रोपे घ्यायला आलेल्या नवऱ्याची वाट पाहत. मुलाला आमच्यातल्या एकीने गूळशेंगदाणे दिले. मजूर बायांची चटणी आमच्या भाकरीवर आली, आमचा ठेचा त्यांच्याकडे गेला. दीड तास आम्ही तेथे बसून होतो. कोणी उठा म्हणाले नाही, काय घेणार असे विचारले नाही, आणि इथे का बसला असेही विचारले नाही.

भगिनींनो, आम्हा नऊ जणींत दोघी अशा होत्या, की ज्यांना आजच्या हळदीकुंकवाचे बोलावणे रीतीप्रमाणे गेलेले नाही. आज ह्या खोलीत त्या नाहीत. मी कोणाला दोष देत नाही, रीत आपल्या आधीची आहे. पण झाडाखाली बसलो तेव्हा कपाळाकडे कोणी पाहिले नाही, एवढे मात्र मी पाहिले. त्यातली एक मला म्हणाली, “किती वर्षांनी असं चारचौघींत हातपाय पसरून बसले गं!” त्यावर मी काही बोलले नाही. मनात मात्र ते राहिले.

आता आपल्या गावाचे पाहा. वैशाखातल्या दुपारी बाईने घराबाहेर बसावे अशी जागा वडीगोद्रीत कोठे आहे? पार आहे. पारावर कोण बसते ते सर्वांना माहीत आहे. तिथून जाताना आपण पदर सावरून, मान खाली घालून जातो, बसण्याची गोष्ट दूरच. देवळाच्या ओसरीवर आजीबाई बसतात, सुना बसत नाहीत. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला. गाड्या जोरात जातात, माल लवकर पोचतो, चांगलेच झाले. पण रस्त्याच्या कडेची जुनी झाडे त्यात गेली. पोर कडेवर घेऊन दवाखान्यात निघालेली बाई एस. टी.ची वाट पाहत आता हॉटेलच्या वळचणीला उभी राहते. तिथेही गिऱ्हाइकाला जागा हवी म्हणून तिला दोनदा सरकावे लागते. अजून एक गोष्ट आहे. मोठ्यांदा बोलायची नाही, पण ह्या घडीला आपणच बायका आहोत म्हणून बोलते. बाहेर जायचे असले की आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. वाटेत सोय नसते. उन्हातान्हात कोरड्या घशाने उभे राहायचे आणि घरी येऊन डोके धरून पडायचे. मग घरातले म्हणतात, हिला ऊन सोसत नाही.

मला वाटते, ऊन सर्वांना सारखेच लागते. ते सोसायला जागा मात्र सर्वांना सारखी मिळत नाही.

त्या मजूर बायांशी बोलून मी पुष्कळ शिकले. त्यातली वयस्कर होती ती म्हणाली, “अक्का, पावसाळ्यात झाड कुणीबी जगवतं. उन्हाळ्यात जगवलं तर ते आपलं.” त्या जे करतात त्यातले बरेचसे आपल्याही घरी मोसंबीसाठी करतात, पण आपण ते बागाइतदाराचे काम म्हणून सोडून देतो. पाणी द्यायचे ते दिवस कलल्यावर. दुपारी दिलेले निम्मे वाफ होऊन जाते. आळे करायचे ते बुंध्याला चिकटून नाही. पाणी पिणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात, म्हणून पाणी तिथे. मोसंबीला तर दुहेरी आळे करतात, आतल्या गोलात माती चढविलेली, बाहेरच्या गोलात पाणी. बुंध्याला ओल राहिली की डिंक्या लागतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, असा मलम करून बुंध्याला दोन-अडीच फूट लावतात. आळ्यात पालापाचोळा पसरायचा म्हणजे जमीन तापत नाही आणि ओल टिकते. तेथे आंब्याचाच पाला होता. आपल्याकडे उसाचे पाचट आहे. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस गेला की मागे फडात पाचट राहते आणि आपले लोक ते पेटवून देतात. ते जाळण्याऐवजी चार भारे आणले तर मंडळाला एक पैसा पडणार नाही. लहान रोपाला पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा किंवा गवताचा आडोसा द्यावा, कारण तिसऱ्या प्रहरचे ऊन सर्वांत वाईट.

माझ्या मुलीला मी विचारले, की झाडाखाली एवढे गार का आणि आपल्या पत्र्याखाली एवढे उकडते का, दोन्हीकडे सावलीच की. ती शहरात शिकते. तिने सांगितले ते मला पटले, म्हणून सांगते. झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांतून त्याची वाफ करून बाहेर सोडते. माठाचे पाणी पाझरून बाहेरून वाळते, म्हणून आतले गार होते. पानांचेही तसेच. पत्रा स्वतःच तापतो आणि वरची आग खाली देतो. म्हणजे झाड हा एक मोठा माठ झाला. मात्र माठात पाणी आधी भरावे लागते, हे तितकेच खरे.

मुलीने आणखी एक सांगितले, की विद्यापीठ आणि बाग यांची जोडी फार जुनी आहे. इटली देशात पाडुआ म्हणून गाव आहे. तेथील विद्यापीठाने १५४५ साली औषधी झाडांची बाग लावली, विद्यार्थ्यांना झाडपाला ओळखता यावा म्हणून, आणि ती त्याच जागी अजून आहे. आणि आपल्या रवींद्रनाथांनी तर शांतिनिकेतनात आंब्याखालीच वर्ग भरविले. त्यांचे विश्वभारती १९२१ साली सुरू झाले. खोल्या बांधायच्या आधी सावली, असे त्या माणसाला सुचले याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे आधी खोली बांधतात, मग ती तापते म्हणून पंख्यासाठी वर्गणी काढतात.

आता मुद्द्यावर येते. मंडळाच्या ह्या खोलीपुढे जे अंगण आहे, त्यावर पत्र्याचे शेड घालावे असा विचार गेल्या बैठकीत निघाला. वर्धापनदिनासाठी जमलेली शिल्लक त्यात घालायची असे ठरत आले आहे. ज्या भगिनींनी हे सुचविले त्यांचा हेतू चांगला आहे. पावसात कार्यक्रम व्हावा, भाड्याचा मांडव लागू नये, हे मलाही हवे आहे. परंतु माझी विनंती अशी, की शेड अर्ध्या अंगणावरच घालावे, आणि रस्त्याकडचे अर्धे अंगण झाडांसाठी सोडावे. ते अंगण एस. टी.च्या थांब्यावरून दिसते. तेथे सावली झाली तर वाट पाहणाऱ्या बाया पोराबाळांना घेऊन आत येऊन बसतील. एक रांजण ठेवला तर पाणी पितील. आणि खोलीमागे जी मोरी आहे तिला दार आणि कडी बसविली, तर पाणी प्यायला भिणारही नाहीत.

झाडे कोणती, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गुलमोहर नको. तो मादागास्करहून आलेला, उन्हाळ्यात लाल फुलांनी डोळे निवतात, पण फांदी ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात मोडली तर खाली पोरे असतात. बहावा सुंदर. वैशाखात पिवळ्या घोसांनी लटकतो, पण नेमकी सावली हवी तेव्हाच त्याची पाने विरळ असतात. एखादा कडेला असू द्यावा, डोळ्यांना पाहायला. बसायला करंज आणि कडुनिंब. ही दोन झाडे आपल्या उन्हाळ्याची रीत ओळखतात. जुनी पाने टाकून चैत्रातच नवी पालवी धरतात, म्हणजे ऊन कडक होईपर्यंत डोक्यावर दाट छत तयार. पाडव्याला आपण कडुनिंबाचा फुलोरा खातो तो त्याच वेळचा. करंजाला गुरे तोंड लावत नाहीत, हेही गावात महत्त्वाचे. वड लावावा असेही कोणी म्हणेल. वडाला अंगण पुरणार नाही. वटपौर्णिमेला तोडलेली फांदी विकत आणून कुंडीत खोचून पुजतो, त्यापेक्षा गावाबाहेर एखादा वड लावून तिथे चालत जाऊन पुजावा असे मला वाटते, पण तो विषय आजचा नाही.

दोन आक्षेप मी ऐकले आहेत.

पहिला असा, की शेड महिन्यात उभे राहते, झाडाला पाच-सहा वर्षे लागतात. हे खरे आहे. कडुनिंबाची बसण्याजोगी सावली पाच वर्षांच्या आत मिळणार नाही. मी आज चाळिशी ओलांडलेली आहे, मला ती मिळेल. माझ्या सासूबाईंना कदाचित मिळणार नाही. पण त्यांनीच मला सांगितले, की खड्डे घ्या म्हणून.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. आपल्या भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो, तरी २०१२-१३ साली काय झाले ते आपण विसरलेलो नाही. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-पंधरा वर्षे पोसलेली झाडे लोकांनी कुऱ्हाड लावून तोडली आणि सरपणाला दिली. माझ्या माहेरची बाग त्यात गेली. ज्या दिवशी ती तोडली त्या दिवशी माझ्या भावजयीने चूल पेटवली नाही. त्यानंतर २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक निर्देशांक म्हणून मान मिळाला, वर्तमानपत्रात आले. तिने ते वाचून पेपर घडी करून ठेवला. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना झाड लावा म्हणून सांगणे सोपे नाही. टँकरपुढे हंड्यांची रांग लावायची आणि त्यातला हंडा झाडाला ओतायचा, हे कोणालाच पटणार नाही, मलाही नाही.

म्हणून मी चारच झाडांचे म्हणते, चाळीस नव्हे. दोन करंज, दोन कडुनिंब. वनमहोत्सवात शंभर रोपे लावून फोटो काढतात आणि पुढच्या शिमग्याला शंभर काड्या उरतात, तसे नको. चार रोपांना उन्हाळ्यात पाणी लागते ते घरात रोज वाया जाते त्यापेक्षा कमीच. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका घागरीत साठवावे. साबणाचे नको. आळीपाळीने एका दिवशी दोन घरे, एका घराची एक घागर. आपल्या गल्लीत आणि आजूबाजूला मिळून घरे पुष्कळ आहेत, एका घराची पाळी पंधरवड्यातून एकदाच येईल. शिवाय प्रत्येक रोपाशेजारी एक जुना माठ पुरावा, बुडाला भोक पाडून त्यात सुती वात घालावी. माठ भरला, तोंड झाकले, की वातेतून मुळाशी थेंब थेंब ओल जाते. गळका म्हणून टाकलेला माठ कोणाच्या घरी नाही? माझ्याकडे दोन आहेत, ते मी दिले असे समजावे.

ही पाळीची यादी करताना हळदीकुंकवाच्या यादीवरून करू नका, घरांच्या यादीवरून करा. आज ज्यांना बोलावणे नाही त्या दोघींना मी विचारले आहे. त्यांनी पहिल्या दोन पाळ्या मागितल्या आहेत. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायांनाही विचारावे, कारण थांब्यावर सर्वांत जास्त वेळ उन्हात त्याच उभ्या असतात. आणि ज्या घरात बाई आजारी असेल त्या घराची घागर शेजारणीने न्यावी, वहीत नाव त्या घराचेच राहू द्यावे.

काम मात्र आत्ताच करावे लागेल, पावसाळ्यापर्यंत थांबून चालणार नाही. बागेतल्या मजूर बाईने मला बजावले ते हेच. खड्डे उन्हाळ्यात घ्यायचे. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. महिनाभर ते उन्हात तापू द्यायचे म्हणजे किडे आणि बुरशी मरते. मग वरची चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडा निंबोळीचा चुरा घालून भरायचे आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावायचे. अंगणात खाली मुरूम आहे, कुदळीला जड जाईल. अक्षय्य तृतीयेला आपण मातीचा करा पाण्याने भरून पूजतो आणि त्यानंतरच आंब्याला हात लावतो. त्या दिवसाच्या आत चार खड्डे झाले तर ह्या वर्षीचा पाऊस आपल्याला सापडेल, नाहीतर गोष्ट वर्षावर गेली.

अध्यक्षबाईंनी पत्र्याच्या शेडचा ठराव आज मताला घेण्यापूर्वी माझी ही सूचना मांडून घ्यावी. ठराव काहीही होवो, अर्धे अंगण मोकळे राहिले तर सोमवारी सकाळी उन्हाच्या आत मी आणि माझ्या जाऊबाई कुदळ, फावडे आणि पहार घेऊन येतो. आमच्याकडे पहार एकच आहे. ज्यांच्या घरी दुसरी असेल त्यांनी आज जाता जाता मला सांगून जावे.